लिंबाखालचा वर्ग

मिरचीचं पोतं फुटलं तेव्हा प्रिसिलाच्या वर्गातल्या सगळ्या बायका पाठीवर पडून, डोळे मिटून खोल श्वास घेत होत्या.

फेब्रुवारी संपत आला होता. नंदुरबारची थंडी ओसरली आणि भाड्याच्या हॉलचे पत्रे सकाळपासूनच तापायला लागले, म्हणून प्रिसिलाने आपला पिलाटीजचा, पोट-पाठीच्या व्यायामाचा, वर्ग कॉलनीतल्या मोकळ्या जागेत, मोठ्या कडुलिंबाखाली आणला होता. बायका खूश होत्या. वर हिरवी सावली, खाली चटया, कानाशी साळुंक्यांची भांडणं... फक्त कुंपणाला लागूनच मिरची बाजाराचा रस्ता होता. त्या रस्त्यावर एक पिकअप गतिरोधकावरून उडाली. वरचं पोतं खाली आलं, फाटलं, आणि पुढचं काम वाऱ्याने केलं.

"श्वास घ्या... पोट आत... मणका मणका जमिनीला टेकू दे..." प्रिसिला सांगत होती. तेवढ्यात पहिली शिंक आली. मग दुसरी. मग सगळा वर्गच उठून बसला आणि पदर, ओढण्या, टॉवेल जे हाताला लागेल ते नाकाला लावून शिंकायला लागला.

"माय वं! कोन शे रे तो मिरचीवाला?" रंजनाबाई ओरडल्या. त्या वर्गातल्या सगळ्यांत जुन्या, आणि आवाज सगळ्यांत मोठा.

मिरचीवाला खाली उतरला होता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. कुंपणावरून हात जोडून म्हणाला, "माफ करा ताई... लगेच उचलतो." तो फाटक्या पोत्याशी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

प्रिसिला डोळे पुसत धावली.

"हलू नका."

"हलता येतंय कुठे..." तो जमिनीकडे बघत कण्हला. "मला तुमचे नुसते पाय दिसताहेत. कोण बोलतंय?"

"तुम्ही रडवलेल्यांपैकी एक."

तिने त्याला धरून हळूहळू लिंबाखाली आणलं, शेवटच्या चटईवर निजवलं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या.

"आता श्वास सोडा."

"किती सोडू?"

"सगळा."

"मग मी उरेन का?"

"उराल. इतकं सोपं नसतं ते."

बायका खुदखुदायला लागल्या. थोड्या वेळाने त्याची पाठ सैल झाली. तो कुशीवर वळून उठला आणि पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा पाहिला. लाल झालेलं नाक, भरलेले डोळे, कपाळावर चिकटलेली बट. तो बघतच राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही... ओळख व्हायच्या आधीच तुम्हाला रडवलं, त्याचं वाईट वाटतंय."

"मिरची आहे ती," प्रिसिला म्हणाली. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच.

त्याचं नाव हेमकांत पाटील. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा एकुलता मुलगा. घरची केळी, ऊस, थोडी मिरची. मागे मोटारसायकलवरून पडला तेव्हापासून कंबर अशी अधूनमधून दगा देत होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि त्याने तो कधी केला नव्हता.

"इथे पुरुष चालतात?" जाता जाता त्याने विचारलं.

"वेळेवर येणारे चालतात."

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

*

प्रिसिला गावित नवापूरच्या पुढच्या, गुजरातला लागलेल्या डोंगरातली. वडील दलपत, आई गंगीबाई. थोडी कोरडवाहू शेती, बाकी मजुरी. बारावीनंतर ती सुरतला एका जिममध्ये कामाला लागली. तिथे एक म्हाताऱ्या पारशी बाई पिलाटीज शिकवायच्या. त्यांच्या हाताखाली ती आधी मदतनीस झाली, मग शिकली, मग शिकवायला लागली. सुरत सोडून नंदुरबारला येताना लोक म्हणाले, या गावात कोण करणार असलं काही? पण बायकांच्या पाठी सगळीकडे सारख्याच दुखतात. रंजनाबाई तर घरी सांगून यायच्या, "मी पिलाटीले जाई ऱ्हायनी, चहा तुम्हीच करा."

हेमकांत शेवटच्या चटईवर असायचा. सगळ्यांत ताठ पाठ त्याची आणि सगळ्यांत जास्त तक्रारीही त्याच्याच.

"पाय सरळ वर... गुडघा वाकवायचा नाही."

"मॅडम, हा पाय माझा नाही. ट्रॅक्टरचा आहे."

"मग ट्रॅक्टर वर करा."

चैत्र आला. लिंब मोहरला. सकाळी चटयांवर बारीक पांढरी फुलं पडलेली असायची आणि त्यांचा गोड-कडसर वास सगळ्यांच्या कपड्यांना लागायचा. उन्हं लवकर चढायला लागली तशी प्रिसिलाने वर्गाची वेळ आणखी अलीकडे घेतली. हेमकांतला गावाहून यायला अंधारातच निघावं लागे, पण तो चुकला नाही. कधी पपई आणायचा, कधी केळीची फणी. "वर्गासाठी," म्हणायचा आणि द्यायचा मात्र तिच्याच हातात.

एकदा त्याच्या पाठीचा बाक सरळ करायला तिने खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवला.

"इथून श्वास घ्या. माझा हात ढकला."

पाठ हलली नाही.

"घ्या ना..."

"घेत नाही."

"का?"

"ढकलला तर तुम्ही हात काढून घ्याल."

प्रिसिलाने हात काढलाच, पण जरा उशिराने. पुढच्या चटईवरच्या दगूबाई उगीचच खोकल्या.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर तो चटया गुंडाळायला थांबला.

"तुमचं नाव अवघड आहे हो. प्रिसिला म्हणता म्हणता जीभ घसरते. मी... प्रिया म्हटलं तर?"

"आणि मी काय म्हणू?"

"घरी हेमू म्हणतात."

"मग घरच्यांनाच म्हणू दे," ती म्हणाली. आठवड्याभरात मात्र तीही हेमू म्हणायला लागली. प्रिया हे नाव तिला आवडलं होतं. तो ते म्हणायचा तेव्हा आवाज खाली आणायचा, जणू ती दोघांचीच गोष्ट आहे. तिला वाटलं, लाडाचं नाव आहे.

एका रविवारी तो तिला तापीच्या पुलावर घेऊन गेला. पाणी खूप खाली गेलं होतं. काठाने टरबुजाच्या वाड्या होत्या, आणि पलीकडे ऊसच ऊस. कठड्याला टेकून दोघं उभी राहिली.

"प्रिया..."

"हं?"

"मला बोलता येत नाही तुझ्यासारखं. मणका मणका..." त्याने हसायचा प्रयत्न केला. मग हसू सोडून दिलं. "मला तू हवीस. रोज. घरात."

प्रिसिला नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कोण आहे ते माहीत आहे ना तुला? गावित. डोंगरातली. चर्चला जाणारी."

"माहीत आहे."

"तुझ्या घरी चालेल?"

"मी सांगतो घरी. तू काळजी करू नकोस."

"मीपण सांगते माझ्या," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला.

ती पुढच्याच शनिवारी घरी गेली आणि तिने सांगितलं. गंगीबाई चुलीपुढे बसल्या होत्या, त्यांनी जाळ पुढे सारला. दलपतनी विडी विझवली. मग म्हणाले, "ती मोठी माणसं, पोरी. आम्ही त्यांच्या काठाला ऊस तोडला आहे."

"म्हणून काय झालं, बाबा?"

"काही झालं नाही. तू म्हणतेस तर येऊ दे त्याला. बसवू, जेवू घालू." आणि दुसऱ्या दिवशी नवापूरच्या बाजारातून त्यांनी दोन नव्या खुर्च्या आणल्या, निळ्या, हात टेकायच्या. पाहुण्यांना खाटेवर कसं बसवायचं, म्हणून.

*

आखाजीचं बोलावणं आलं तेव्हा प्रिसिला हरखून गेली. खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेरपणाचा सण, लेकीबाळींचा.

"आईनेच बोलावलंय," हेमकांत म्हणाला. "रोज विचारते, कधी आणतोस म्हणून."

"सांगितलंस सगळं?"

"सांगितलं ना..." तो पिकअपची चावी बोटाभोवती फिरवत होता. "तू फक्त ये. बाकी मी बघतो."

तिने जांभळी साडी नेसली. हेमकांतच्या गावात झाडाझाडाला झोके बांधले होते, मुली आळीपाळीने झुलत होत्या, गाणी म्हणत होत्या. ओट्यावर जसोदाबाई उभ्याच होत्या, हेमकांतची आई. गोऱ्या, ठेंगण्या, पदर डोक्यावरून घेतलेला. त्यांनी प्रिसिलाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "ये वं बेटा, ये. किती ऊनम्हा उनी..."

इतक्या मायेने परक्या घरात तिला कुणी आत घेतलं नव्हतं. वडील चुनीलाल झोपाळ्यावर बसले होते, त्यांनी हसून मान डोलावली. ताटं मांडली गेली. पुरणपोळी, आमरस, कुरडया, तुपाची वाटी. जसोदाबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं, एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि रस वाढता वाढता गुजरीत, आपल्या समाजाच्या बोलीत, काहीतरी विचारलं.

प्रिसिलाला कळलं नाही. ती हसली.

जसोदाबाईही हसल्या. "सुरतम्हा राहीसन गुजरी इसरी गई का? काय हरकत नई, इठे ऱ्हायनी का येई जाई. हेमू सांगस, प्रिया पटेल नाव शे. पन मूळ गाव कोनतं तुमनं? आपला समाज तर समदा वळखीना शे."

प्रिसिलाचा हात पोळीवरच थांबला.

तिने समोर पाहिलं. हेमकांतचे डोळे तिच्यावर होते. त्यांत तिने आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. विनवणी. त्याने अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी मान हलवली. नको. आत्ता नको.

बाहेर मुलींचं गाणं चाललं होतं. एक शब्द बोलायचा होता. बारडोली. व्यारा. कुठलंही गाव. आणि मग हा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला असता...

"काकू," ती म्हणाली, "मी पटेल नाही. प्रिसिला गावित माझं नाव. नवापूरच्या पुढे आमचं गाव आहे. आम्ही आदिवासी आहोत, आणि ख्रिश्चन. माझे आईवडील याच काठाला ऊसतोडीला यायचे. लहानपणी मीपण आले आहे त्यांच्यासोबत."

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली.

जसोदाबाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढला. रागाने नव्हे, चटका बसल्यासारखाही नव्हे. पदर सावरायचा होता म्हणून काढावा तसा. मग रसाचं भांडं उचललं आणि म्हणाल्या, "मॅडम, रस घ्या ना अजून."

बेटाची मॅडम झाली होती. प्रिसिलाने हेमकांतकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. आता बोलेल, तिला वाटलं. आता मान वर करेल, म्हणेल, आई, हीच ती, हिच्याशीच मला... तो पोळीचा तुकडा मोडत राहिला. एकाचे दोन, दोनाचे चार.

ती उठायला लागली तसे चुनीलाल म्हणाले, "बसा. आजना दिन कोनी उपाशी जावाले नको."

म्हणून ती जेवली. वाटीतला सगळा रस तिने संपवला. त्या घरात दुसरं कुणीच जेवत नव्हतं.

*

"हेमू, मॅडमले गाडीवर सोडी ये," चुनीलालनी सांगितलं, तेव्हा कुठे तो उठला.

पिकअपमध्ये ऊन भरून राहिलं होतं. गाव मागे पडलं.

"का सांगितलंस?" शेवटी तोच म्हणाला. "मी हळूहळू करत होतो सगळं. आईला आधी तू आवडायला हवी होतीस. आवडलीही होतीस! एकदा लग्न झालं असतं, की मग कळलं असतं तरी काय केलं असतं त्यांनी?"

"म्हणजे लग्न पटेलांच्या मुलीशी होणार होतं?"

"नावच तर होतं गं... नावाने काय होतं?"

"काही होत नाही, तर तू का बदललंस?"

त्याने गाडी बाजूला घेतली. दोन्ही बाजूंना केळीची हिरवी पानं उन्हाने मान टाकून उभी होती.

"प्रिया, ऐक. अजून मार्ग आहे. आपण सुरतला करू लग्न. नोंदणी पद्धतीने. तू तिथेच राहा, तुझे वर्ग घे. मी येत-जात राहीन. आईचा राग उतरला की मग..."

"आणि माझे आईवडील?"

"त्यांचं काय?"

"लग्नात ते कुठे असणार होते? मी पटेल असताना?"

हेमकांतने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. तसाच म्हणाला, "त्यांना... नंतर भेटलो असतो ना मी."

प्रिसिलाच्या डोळ्यांपुढे निळ्या खुर्च्या आल्या. गंगीबाई त्या रोज पुसतात, धूळ बसायला नको म्हणून, हे तिने त्याला सांगितलं नाही. आता ते त्याला सांगायचं नव्हतं.

"तू मला खोटं प्रेम दाखवलंस असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "माझ्यावर प्रेम आहे तुझं. मला माहीत आहे."

"मग?"

"तेच वाईट आहे, हेमू. नसतं तर मी आता शिव्या देऊन उतरले असते."

ती उतरली. त्याने हाक मारली, ती वळली नाही. मागून आलेल्या गाडीला हात केला आणि कोंबून भरलेल्या त्या जीपमध्ये, आखाजीला माहेरी निघालेल्या दोन बायकांच्या मध्ये, नंदुरबारपर्यंत बसून आली. एकीने विचारलं, "तुमनं माहेर कोठे शे वं ताई?" प्रिसिलाने सांगितलं, "नवापूरकडे." आणि तोंड फिरवून बाहेर बघत राहिली.

संध्याकाळी दलपतचा फोन आला. "कसं झालं? पाहुणे कधी येतात?"

"नाही येणार, बाबा."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग दलपत म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

"जेवले," प्रिसिला म्हणाली. ते खरंच होतं.

*

त्यानंतर काही दिवस पिकअप सकाळी कुंपणापलीकडे येऊन थांबायची. हेमकांत आत यायचा नाही. प्रिसिला तिकडे पाठ करून शिकवायची. तरी इंजिन बंद झाल्याचं तिला कळायचं, दार उघडून पुन्हा लागल्याचं कळायचं, आणि निघून गेल्यावर तिचा आवाज थोडा वेळ नीट लागायचा नाही. एकदा ती वळून फाटकापर्यंत गेलीही. तो घाईने खाली उतरला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"घरी सांगितलंस?" तिने विचारलं. "माझं नाव घेऊन, नीट?"

"आई जेवत नाही, प्रिया..."

ती परत चटईवर आली. त्यानंतर पिकअप आली नाही.

गावात गोष्टी फिरतातच. वर्गातल्या दोन-तीन बायका यायच्या बंद झाल्या. काहीतरी कारणं सांगितली, ऊन, पाहुणे, लेकरांच्या सुट्या. पण रंजनाबाई येत राहिल्या, दगूबाई येत राहिल्या. त्यांच्या कानांवर यातलं काही आलं नव्हतं, किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

मे महिना पेटला. लिंबाला आता हिरव्या निंबोळ्या लागल्या होत्या. झाडाखालची जमीन रात्रभरातही निवत नव्हती, चटईतून पाठीला ऊब लागायची. एका सकाळी प्रिसिलाने वर्गाला एक नवा व्यायाम द्यायचा ठरवला. पाठीवर पडायचं, पाय आणि डोकं उचलून धरायचं, हात अंगालगत ताठ ठेवून पाण्यावर थापट्या माराव्या तसे हलवायचे. पाच हलवण्यांना श्वास घ्यायचा, पाच हलवण्यांना सोडायचा. असे शंभर.

"मॅडम, शंभर?" दगूबाई घाबरल्या.

"मी मोजते. तुम्ही फक्त श्वासाकडे बघा. घ्या, दोन, तीन, चार, पाच... सोडा, दोन, तीन..."

निम्म्यावर आल्यावर रंजनाबाईंना राहवेना. डोकं उचललेलं, चेहरा लाल, तरी बोलणं चालूच.

"मॅडम... एक ऐकं का? आपला तो मिरचीवाला नई का... त्याना साखरपुडा व्हई ग्या... शहादानी पोर शे... आठ दिनम्हा लगीन..."

"घ्या," प्रिसिला म्हणाली. "दोन, तीन, चार, पाच."

"भलता चांगला पोऱ्या व्हता..." दगूबाई धापा टाकत म्हणाल्या.

"सोडा. दोन, तीन, चार, पाच."

तिचे हात हलत होते. वर पानांमधून पांढरं आभाळ दिसत होतं. घ्या. सोडा. एकेक बाई खाली कोसळत होती, कुणी हसत होती, कुणी पोट धरून कण्हत होती, आणि प्रिसिला मोजत होती. घ्या, दोन, तीन... पोटातून कळ निघून मानेपर्यंत आली होती. ती कळ बरी होती. तिला नाव होतं, जागा होती. सोडा, दोन, तीन...

"मॅडम!" रंजनाबाई ओरडल्या. "शंभर कव्हयच व्हई ग्यात! जीव लेतस का आमना?"

प्रिसिला थांबली. सगळ्या चटयांवर बायका हातपाय पसरून पडल्या होत्या. एकटी तीच अजून डोकं उचलून होती. तिने मान हळूच खाली टेकवली.

"छान केलंत," ती म्हणाली. आवाज जवळजवळ नेहमीसारखा होता. "आता आराम. अंग सैल सोडा. डोळे मिटा... आणि मी सांगेपर्यंत कुणी उघडू नका."

बायकांनी डोळे मिटले.

बराच वेळ झाला. उन्हाची पहिली तिरीप कुंपणावरून आत आली, चटयांच्या कडांवर चढली. कुणीतरी घोरायलाही लागलं.

प्रिसिला डोळे पुसत राहिली. तिने काही सांगितलंच नाही.